क्षिप्रातीरावरून : किल्ली कोणाच्या कमरेला?

रात्रीचा दीड वाजला की आमच्या गल्लीला जाग येते. पूर्वी या प्रहरी फार तर गुरख्याच्या काठीचा आवाज कानी येई, नाही तर लांबवर एखादी मालगाडी शीळ घालून जाई. आता फरशीवरून ओढल्या जाणाऱ्या चाकांच्या बॅगांची घरघर, ई-रिक्षावाल्याशी चाललेली घासाघीस, झोपमोड झालेल्या लेकराचे रडणे आणि या साऱ्यांवर मात करणारा "आधारकार्ड घेतलंस ना गं?" हा एखादा वऱ्हाडी स्वर, असा सगळा मेळ जमतो. महाकालाची भस्मारती पहाटे चार वाजता होते. रांगेत उभे राहावयाचे तर मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. यात्रेकरूंचा दोष काहीच नाही. देवाच्या दारी ज्या वेळी बोलावणे, त्या वेळी त्यांनी निघालेच पाहिजे. परंतु गल्लीतल्या ज्या माणसांना सकाळी सात वाजता शाळेत, बँकेत किंवा दुकानावर जावयाचे आहे, त्यांनी झोपावे तरी केव्हा, हा प्रश्नही खोटा नाही.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाले. नऊशे मीटरहून लांब असा तो भव्य परिसर पाहण्यास साऱ्या देशातून माणूस लोटू लागला आणि पूर्वी श्रावणात व शिवरात्रीला जी गर्दी असे, ती बारमाही झाली. लॉज भरले, धर्मशाळा भरल्या. मग घरांची दारे उघडली. आज महाकालाच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडलात, तर दर चार-पाच घरांआड 'होम स्टे' अशी पाटी दिसेल. काही घरांवर पाटीही नाही. ती घरे फक्त मोबाईलवर दिसतात.

हा विषय या सदरात आणण्याचे कारण असे की, आपल्या मासिकाच्या कितीतरी वाचक-कुटुंबांची मुळे या गावात आहेत. कोणाचा पटनी बाजाराच्या मागे अर्धा वाडा आहे, कोणाचा सिंहपुरीत दोन खणांचा हिस्सा आहे, कोणाची कार्तिक चौकात आजोबांच्या वेळची माडी आहे. मुले इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, काही साता समुद्रांपलीकडे गेली आणि घरांना कुलपे लागली. अशा कुलपांचा सुगावा लागलेली काही माणसे हल्ली दूरध्वनी करतात. "घर बंदच आहे, आम्हाला द्या. रंगरंगोटी आम्ही करू, परवान्याचे आम्ही पाहू, तुम्हाला दरमहा इतके मिळतील." असा दूरध्वनी वाचकांपैकी अनेकांना आला असेल, आम्हालाही आला. किल्ली देण्यापूर्वी ज्या चार गोष्टींचा विचार व्हावा असे वाटते, त्या येथे मांडतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, परक्या यात्रेकरूस घरात उतरवून घेणे ही उज्जैनला नवी गोष्ट नव्हे. राणोजी शिंद्यांचा अंमल या भूमीवर बसला, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, पुढे बायजाबाईंनी गोपाळ मंदिर उभारले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी इथली मराठी बिऱ्हाडे इथेच राहिली. दक्षिणेतून येणारा यात्रेकरू या बिऱ्हाडांकडे किंवा आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे उतरे. उपाध्ये त्याला जेवू घालीत, रामघाटावर संकल्प सोडवून घेत, सिद्धवटावर पिंडदान करवीत आणि रात्री पडवीत अंथरूण देत. निघताना यात्रेकरू यथाशक्ती दक्षिणा ठेवी. तिला कोणी भाडे म्हणत नसे, पण ती घेतल्यावाचून उपाध्यांचा संसारही चालत नसे, हे उभयतांना ठाऊक असे.

आणि त्या घरांत नोंदही होत असे. उपाध्यांची वही उघडली की गाव, गोत्र, कुळ, बापाचे नाव, आजाचे नाव, सोबत कोण आले, कोणत्या शकात आले, सर्व काही हाती लागे. आज पोलीस जे रजिस्टर मागतात, त्याहून ते रजिस्टर किती तरी अधिक भरलेले होते. तेव्हा 'आमच्या घरी येणाऱ्यांची नोंद सरकारने का मागावी' असे म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, पाहुण्याचे नाव लिहून ठेवणे हा यजमानाचा जुना धर्मच आहे. फरक इतकाच की ते नाव लिहिणारा माणूस त्याच छपराखाली झोपत असे.

१९८० च्या सिंहस्थात आमच्या वाड्यात एका वेळी तीस-पस्तीस माणसे असत. नात्यातली किती आणि नात्याच्या नात्यातली किती, याचा हिशेब शेवटपर्यंत लागला नाही. चौकात ओळीने अंथरुणे पडत, माडीवर बायका-मुले, ओसरीवर पुरुषमंडळी. काकू पहाटे तीनला बंब पेटवीत. कोणाला पथ्याची भाकरी, कोणाला उपासाचे, कोणाचे पोट बिघडलेले, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. वाड्याच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या जुडग्यात. त्या जुडग्याचा आवाज आला की घरात कोणीतरी जागे आहे, हे झोपेतही कळे. यात्रेकरू निर्धास्त झोपे तो त्या आवाजाच्या भरवशावर.

कायद्याने या विषयात हात घातला तो दीडशे वर्षांपूर्वी, आणि त्याचे कारण मुख्यतः रोगराई होते. १८६७ साली इंग्रज सरकारने सरायांचा कायदा केला. सराय चालविणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे नोंद करावी, खोल्या, पडव्या, गटारे व विहिरी स्वच्छ राखाव्या, भिंती, दरवाजे व छपरे दुरुस्त ठेवावी, जरूर तितके पहारेकरी नेमावे, उतरलेल्यांपैकी कोणास साथीचा रोग झाल्यास ठाण्यास कळवावे आणि मुक्कामाचे दर सर्वांना दिसतील असे लावून ठेवावे, अशी त्याची मुख्य कलमे. पुढे शंभराहून अधिक वर्षे देशाच्या अनेक भागांत हॉटेले, लॉज आणि धर्मशाळा याच जुन्या कायद्याच्या आधारे नोंदविल्या जात आल्या. १८७१ साली बंगाल सरकारने जगन्नाथपुरीसाठी निराळाच कायदा केला. तिथे यात्रेच्या दिवसांत खिडक्या नसलेल्या कोठड्यांत माणसे अक्षरशः कोंबली जात, आणि पटकीची साथ तेथून उठून यात्रेकरूंबरोबर गावोगाव जाई. म्हणून आरोग्याधिकाऱ्याने घर पाहावे, त्यात किती माणसे राहू शकतात ते ठरवावे आणि तेवढ्यापुरताच परवाना द्यावा, असे ठरले. 'या घरात इतकीच माणसे' हा आकडा सरकारने प्रथम लिहविला तो हॉटेलासाठी नव्हे, तीर्थक्षेत्रातील घरांसाठी, हे विसरता कामा नये.

उज्जैन तेव्हा शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात होते, त्यामुळे इंग्रजी कायद्यांचा अंमल इथे थेट नव्हता. १९४८ साली मध्य भारत झाला, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि मग देशाचे कायदे आणि राज्याचे नियम इथेही आले. तरी घरगुती मुक्कामाचा निराळा विचार व्हावयास बरीच वर्षे लागली. गोव्यात १९८२ च्या कायद्याने पर्यटन-व्यवसायाची नोंदणी सुरू झाली. महाराष्ट्रात पर्यटन महामंडळाने 'निवास व न्याहारी' योजना आणली आणि कोकणातल्या कित्येक घरांच्या माड्या तिच्यामुळे झाडल्या-सारवल्या गेल्या. दिल्लीने २००७ साली स्वतंत्र कायदा केला. मध्य प्रदेशाने २०१० साली होम स्टेची योजना काढली आणि २०१९ साली 'बेड अँड ब्रेकफास्ट', फार्म स्टे व ग्राम स्टे यांसाठी निराळ्या योजना जोडल्या. त्यांची नोंदणी राज्याच्या पर्यटन मंडळाकडे होते.

केंद्र सरकारची या प्रकारची जी योजना आहे, तिच्यातली एक अट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरातल्या एक ते सहा खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, पाहुण्यांस देता येतात. मात्र मालकाने स्वतः कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे. हॉटेलाला लागणाऱ्या सतरा परवानग्यांमधून अशा घरास मोकळीक देण्याचा विचार झाला, त्याचे कारण हीच अट. सरकारच्या मनात असे की, जेथे गृहस्थ स्वतः बायकामुलांसह झोपतो, तेथे तो आगीची, अस्वच्छतेची आणि भलत्या माणसाची काळजी आपण होऊनच घेईल. म्हणजे सवलत मिळते ती विटांना नव्हे, घरात वास करणाऱ्या यजमानाला. यजमान निघून गेला की सवलतीचे कारणही त्याच्याबरोबर निघून जाते. माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा एवढाच आहे. बाकीचे नियम त्याच्या भोवतीचे.

आमच्या गल्लीतील दोन घरांची हकीकत सांगतो, म्हणजे हे म्हणणे पुस्तकी वाटणार नाही.

पहिले घर एका वहिनींचे. यजमान कारकून होते, ते गेल्यावर तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर त्यांचा संसार आला. मुलगी सासरी, मुलगा परगावी. माडीवरच्या दोन खोल्या त्यांनी यात्रेकरूंस देण्यास आरंभ केला. दाराशी दराची पाटी, आत कापडी बांधणीचे रजिस्टर. "रात्री किती वाजता निघणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि दुसरा, "जिन्यावरून उतरताना चपला हातात घ्याल ना? शेजारी आजारी माणूस आहे." पाहुणे चपला हातात घेतात. त्यांना तसे सांगणारे कोणीतरी तिथे उभे आहे, म्हणून घेतात. नोंदणीसाठी वहिनींनी कार्यालयांच्या किती खेपा घातल्या ते विचारू नये. मालकीचा कागद जुना, सातबाऱ्यासारखा सरळ नव्हे, त्यात दिरांची नावे. प्रत्येक मेजावर निराळा प्रश्न. पण त्यांनी ते काम तडीस नेले.

दुसरे घर त्याच्या समोरचे. मालक परगावी. घर एका दलालाने चालवावयास घेतले आहे. पाच खोल्यांच्या पत्र्याच्या पार्टिशनने आठ खोल्या झाल्या. एक पोरगा येतो, किल्ली देतो आणि जातो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता, महाकालाची सवारी निघून गेली होती, गावात पाय ठेवण्यास जागा नव्हती. रात्री अकराच्या सुमारास त्या घरातून हाका ऐकू आल्या. यवतमाळकडची एक वृद्ध बाई जिन्यात कोसळली होती. सोबत तिचा कॉलेजात जाणारा भाचा. त्याने पोराला दूरध्वनी केला, तो बंद. रुग्णवाहिकेस दूरध्वनी लावला, तिकडून पत्ता विचारला, तर आपण कोठे उतरलो आहोत हेच त्या मुलास सांगता येईना. त्याच्या मोबाईलवर त्या घराचे एक झोकदार इंग्रजी नाव होते. ते नाव गल्लीत कोणीही कधी ऐकलेले नव्हते! शेवटी वहिनींनी पत्ता सांगितला. चौघांनी बाईंना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडाशी नेले, कारण आत गाडी येत नाही. बाई वाचल्या. हे ईश्वराचे देणे. दुसऱ्या दिवशी चौकशीस आलेल्या शिपायाने विचारले, "काल रात्री या घरात किती माणसे होती?" तेव्हा उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते. त्या दिवशी आग लागली असती तर कोणास बाहेर काढावयाचे आणि कोण आत राहिले, हेही कोणास सांगता आले नसते.

दोन्ही घरांवर पाटी एकच : होम स्टे.

या प्रकारात आणखी एक गोष्ट हळूहळू होते, तिचा आवाज होत नाही म्हणून ती चटकन ध्यानी येत नाही. त्या दुसऱ्या घरात पूर्वी एक शिक्षकाचे बिऱ्हाड होते, जवळजवळ तीस वर्षांचे. मालकाने नम्रपणे घर सोडावयास सांगितले, त्यांनी तितक्याच नम्रपणे सोडले आणि ते नानाखेड्याकडे गेले. त्यांच्या मागोमाग आणखी दोन बिऱ्हाडे गेली. चैत्रातले हळदीकुंकू पूर्वी गल्लीतल्या गल्लीत आटोपत असे. आता बायकांना रिक्षा करून जावे लागते. गणपतीच्या आरतीला टाळ आहेत, हात कमी पडतात. गावात माणसे वाढली आणि शेजार मात्र घटला. ज्या गावाच्या आपुलकीची गोडी चाखावयास यात्रेकरू घरात उतरतो, ती आपुलकी देणारी माणसेच तिथून उठून गेली, तर तो उतरणार कोठे?

तथापि एका बाजूचेच बोलणे अन्यायाचे होईल. वहिनींसारख्या अनेकींच्या चुली या दोन खोल्यांवर पेटतात. पडझड झालेले कित्येक वाडे या पैशामुळेच शाकारले गेले. नाही तर ते पाडून तेथे सिमेंटच्या पेट्या उभ्या राहिल्या असत्या. आणि सरकारचे म्हणावे तर एक दार नाही. नोंदणी पर्यटन मंडळाकडे, घराचा वापर व कर महानगरपालिकेकडे, माणसांची माहिती पोलीस ठाण्याकडे, उत्पन्न ठरावीक मर्यादेबाहेर गेले तर वस्तू व सेवा कर निराळा. ज्या बाईने आयुष्यभर विजेच्या बिलापलीकडे सरकारी कागद पाहिला नाही, तिने या चार दारांतून कसे फिरावे? नियम अवघड केले की प्रामाणिक माणूस थकून घरी बसतो. बेपर्वा माणूस नियमाच्या वाटेलाच जात नाही. मग नियमाचा काच सोसावा लागतो तो नेमका ज्याच्यासाठी तो करावयास नको होता, त्यालाच.

हा पेच केवळ उज्जैनचा नव्हे. जपानातले क्योतो हे देवळांचे प्राचीन शहर. तेथेही गल्ल्यांतून अशीच घरे निघाली आणि शेजारी असेच त्रासले. जपानने १५ जून २०१८ पासून कायदा लागू केला की राहत्या घरातील असा व्यवसाय वर्षाकाठी १८० दिवसांहून अधिक चालवू नये, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींची दखल चालकाने घेतलीच पाहिजे. क्योतोने त्याहून पुढे जाऊन निव्वळ राहत्या वस्तीत साधारण १५ जानेवारी ते १६ मार्च एवढ्याच काळात परवानगी ठेवली आणि सांभाळणारा माणूस दहा मिनिटांत येऊन पोहोचेल इतक्या अंतरावर असावा अशी अट घातली. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून असा नियम अमलात आणला की तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घराची नोंदणी हवी, यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोघांहून अधिक नकोत. स्पेनमधील बार्सिलोनाच्या महापौरांनी तर जून २०२४ मध्ये जाहीर केले की नोव्हेंबर २०२८ पर्यंत शहरातील दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने पुढे चालूच ठेवणार नाही, कारण गावच्या माणसाला राहावयास घर उरले नाही. आपल्याला बार्सिलोनाच्या टोकाला जाण्याचे कारण नाही. परंतु या शहरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला आहे : घराची किल्ली कोणाजवळ आहे, आणि तो माणूस किती लांब राहतो?

आपल्याकडे हा प्रश्न तातडीचा झाला आहे तो पुढील सिंहस्थामुळे. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत, असा योग २०२८ च्या चैत्र-वैशाखात येत आहे. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ या चारही सिंहस्थांचा अनुभव सांगतो की त्या महिन्यात नियमाचे कागद गर्दीत वाहून जातात. म्हणून जे काही करावयाचे, ते आधीच्या शांत दिवसांतच केले पाहिजे.

काय करावे, याविषयी गल्लीतल्या माणसाच्या नजरेतून चार गोष्टी सुचतात. पहिली, 'होम स्टे' हे नाव ज्या घरात मालकाचे कुटुंब प्रत्यक्ष राहते त्यालाच असावे. ही अट कागदावर न तपासता रात्री दहा वाजता दार ठोठावून तपासावी. मालक राहत नसेल तर ते घर बेकायदा ठरवा असे नव्हे. त्याला लॉज म्हणा आणि लॉजाचे सर्व नियम, विशेषतः आगीपासूनच्या संरक्षणाचे, त्याला लावा. दुसरी, दाराशी नोंदणी-क्रमांक, माणसांची कमाल संख्या, दर आणि जबाबदार माणसाचा दूरध्वनी हिंदीत व मराठीत ठळक लिहिलेला असावा. दराच्या पाटीची अट १८६७ साली होती, ती आज जड वाटण्याचे कारण नाही. मोबाईलवरच्या जाहिरातीतही घराचा खरा पत्ता आणि तोच क्रमांक असावा. तिसरी, एका किंवा दोन खोल्यांच्या घरांसाठी झोनच्या कार्यालयातच एक खिडकी असावी, जिथून चारी खात्यांचे काम व्हावे. चौथी, सिंहस्थाच्या महिन्यासाठी तात्पुरती परवानगी जरूर द्यावी, कारण त्या पर्वकाळात सारे गावच यजमान असते. परंतु वैशाखी पौर्णिमेचे स्नान आटोपले की ती आपोआप संपावी. तात्पुरते म्हणून दिलेले आपल्या देशात कायमचे होऊन बसते, हा अनुभव जुना आहे.

आता वाचक-कुटुंबांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. घर चालवावयास देण्याचा विचार असेल तर करारावर सही करण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. एकट्या दादाने सही केली आणि पुढे धाकट्याशी बोलणे तुटले, असे प्रकार आपल्या समाजात कमी नाहीत. नोंदणी कोणाच्या नावे होणार ते पाहावे. घर तुमचे आणि नोंदणी दलालाच्या नावे, किंवा नोंदणीच नाही, असे असेल तर उद्या जे काही घडेल त्याचा जाब मालक म्हणून तुम्हालाच विचारला जाईल. भाडेकरू व पाहुणे यांची माहिती ठाण्यात देण्याविषयी जिल्हादंडाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ते मोडणे हा गुन्हा आहे. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती संबंधित कार्यालयास द्यावी लागते. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, तरी ही जबाबदारी कायम आहे. आपला अमेरिकेचा नागरिक झालेला भाचा मुंजीला येऊन राहिला तरी ती टळत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. आणि शेवटची गोष्ट कायद्यात नाही, पण तीच मोठी. आजूबाजूच्या दोन्ही घरांना आधी जाऊन सांगावे. चहा घ्यावा, त्यांची अडचण ऐकावी. शेजाऱ्याच्या संमतीचा रकाना अर्जात नसला तरी घरात राहावयाचे ते त्याच्याच भिंतीला भिंत लावून.

आमच्या वाड्याचे काय झाले, हे विचारल्यावाचून वाचक राहणार नाहीत. दूरध्वनी आला तेव्हा सर्व चुलत भावंडे एकत्र बसलो, काही समोर, काही मोबाईलच्या पडद्यावर. रक्कम मोठी होती. दोघा-तिघांना तिची खरी गरज होती आणि त्यांनी ती मोकळेपणी सांगितली. बोलणे बरेच लांबले. वाड्यात आजही राहणाऱ्या काकू एका कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. सगळे गप्प झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "रात्री कोणी आजारी पडलं, तर दार कोण उघडणार रे?"

याचे उत्तर दलालाच्या करारात नव्हते, आमच्याजवळही नव्हते. वाडा द्यावयाचा नाही असे ठरले. माडीवरच्या दोन खोल्या काकूंच्या नावे नोंदवावयाच्या, त्यांच्या सोबतीला इथे कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने राहावयास यावे, आणि जे काही मिळेल त्यातून आधी छप्पर शाकारावे, नंतर उरेल ते ज्याला गरज आहे त्याला द्यावे. दलालाने देऊ केले होते त्याच्या पाव हिश्शाइतकेही हे होणार नाही, याची जाणीव सर्वांना आहे. एका भावाची नाराजीही अजून गेलेली नाही, आणि ती समजण्यासारखी आहे.

अर्ज दिला आहे. तीन खेपा झाल्या, वारसाच्या कागदाची एक प्रत आणखी मागितली आहे. नोंदणी-क्रमांक येईपर्यंत माडी बंदच राहील. काकूंनी मात्र माळ्यावरचा जुना बंब खाली काढून चिंचेने लख्ख घासून ठेवला आहे.